स्नो लेकला आईबाबांना घेऊन गेलो, जाणाऱ्यांसाठी थोडं

आईबाबा पुण्याहून आलेत, बाबा अजून दर रविवारी सिंहगड चढतात, म्हटलं यांना मॉल काय दाखवायचे, सरळ स्नो लेकला, डोंगरातल्या तळ्यावर, ट्रेकला नेऊ. सिएटलहून आय-९० ने तासभर, एक्झिट ५२ घ्यायची आणि अल्पेंटलच्या स्की एरियापाशी गाडी लावायची. आम्ही शनिवारी नऊला पोचलो तर पार्किंग फुल, खूप मागे गाडी लावून चालत आलो, त्यामुळे सातच्या आत पोचाच. गाडीला नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास लागतो, दिवसाचे ५ डॉलर. विल्डरनेसचं, म्हणजे आतल्या राखीव जंगलाचं, परमिट वेगळं, ते फुकट, ट्रेल सुरू होतो तिथल्या पेटीतला फॉर्म भरून एक तुकडा बॅगेला बांधायचा. ग्रुप १२ च्या वर नको.

नॅशनल फॉरेस्ट म्हणजे सगळंच राखलेलं जंगल असं मला आधी वाटायचं. तसं नाही, फॉरेस्टात लाकूडतोड, रस्ते, स्की लिफ्ट सगळं चालतं, त्यातले काही भाग १९६४ च्या विल्डरनेस कायद्याखाली वेगळे राखलेत. स्नो लेक ज्यात येतं तो आल्पाइन लेक्स विल्डरनेस १९७६ चा, आत ७०० च्या वर तळी. आत इंजिन नाही, सायकल नाही, ड्रोन नाही, वाटेवर झाड पडलं तरी चेनसॉ चालत नाही, दोघं दोन टोकांना धरून करवतीने कापतात. असा एक ओंडका लागला, बाबांनी कापलेल्या बाजूवरून हात फिरवला, डिंक बोटांना चिकटला, म्हणाले आमच्या गावच्या वखारीत अशीच करवत ओढायचे, एक वर आणि एक खाली. मग बराच वेळ तिथंच उभे. मला तो नियम त्या क्षणी खरा कळला, हाताने जेवढं होईल तेवढंच करायचं.

जाऊन-येऊन साधारण ७ मैल. चढ संपतो त्या खिंडीतून तळं दिसतं, निळंशार, पण खाली जायला अजून ४०० फूट उतरायचं आणि येताना तेवढंच चढायचं, गुडघे दुखत असतील तर खिंडीतच डबा खा, आई तिथंच बसली आणि खूश होती. काठ्या घ्याच. जुलैच्या सुरुवातीला वर बर्फ असू शकतो आणि डास तर भयंकर, फुल बाह्यांचे कपडे घाला. तळ्यावर शेकोटीला बंदी आहे, कुत्रा असेल तर पट्टा लावून. टॉयलेट खाली पार्किंगलाच उरकून घ्या, आणि संत्र्याची सालंसुद्धा परत आणा, लवकर कुजत नाहीत.