लामू: घड्याळ, गाढवं आणि चुना

आजचा दिवस लामूत, केनियाच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर. विमानतळ समोरच्या मांडा बेटावर, तिथून होडीनेच यायचं. घोळ होतो तो वेळ ठरवताना. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं. ‘साआ तातू’ म्हणजे तीन नव्हे, सकाळचे नऊ. सहा तास मिळवा.

जुन्या गावात गल्ल्या अरुंद, सामान गाढवावर. (गाढव आलं की आपणच भिंतीला चिकटायचं.) घरं प्रवाळाच्या दगडाची, चुन्यात बांधलेली. खोल्या लांबट पण अरुंद, कारण छताला खारफुटीचे वासे आणि वाशाच्या लांबीएवढीच खोलीची रुंदी, जेमतेम अडीच-पावणेतीन मीटर. अशा भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. दुरुस्तीला चुनाच हवा. २००१ पासून जागतिक वारसा असलेलं गाव आहे हे!