आंघोळीचे पाणी फ्लशला : एका सोसायटीचा हिशेब

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी येते. आमच्या सोसायटीत तीन विंग आणि 120 सदनिका आहेत. फेब्रुवारी उलटला की आवारातले बोअर आटू लागते आणि पाऊस सुरू होईपर्यंत टँकरशिवाय भागत नाही. म्हणून सांडपाणी आवारातच शुद्ध करून पुन्हा वापरण्याचा लहानसा प्रकल्प आपल्याला झेपेल का, हे तपासण्याचे काम कमिटीने आम्हा काही सभासदांकडे सोपवले आणि त्यातला हिशेबाचा भाग माझ्याकडे आला. आमचे बांधकाम 20,000 चौरस मीटरच्या आतले असल्यामुळे पर्यावरण मंजुरी आणि तिच्या ओघाने येणारी एसटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाची अट आम्हाला कधी लागू झाली नव्हती, तेव्हा सक्ती कोणाचीच नव्हती.

कंत्राटदारांचा हिशेब सर्वत्र सारखाच होता. सदनिकेमागे पाच माणसे, माणशी दिवसाला 135 लिटर पाणी आणि त्यातले 80 टक्के सांडपाणी, म्हणजे रोज साधारण 65,000 लिटर क्षमतेचा प्रकल्प. गणितात चूक नव्हती. पण एवढे शुद्ध झालेले पाणी वापरायचे कुठे, हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणी काढला नाही. फ्लशसाठी माणशी 45 लिटर हे प्रचलित मान धरले, तरी त्याच 600 माणसांना 27,000 लिटर पुरतात, आणि आमच्या बागेला फार तर 3,000 लिटर लागतात. उरलेले निम्म्याहून अधिक पाणी वीज आणि पैसा खर्चून स्वच्छ करायचे आणि गटारात सोडायचे, असा तो प्रस्ताव होता. त्यामुळे सांडपाणी किती निघते याऐवजी वापर कुठे आहे, इथून आम्ही पुन्हा सुरुवात केली.

ए आणि बी विंगमध्ये फ्लशसाठी बोअरचे पाणी वापरले जात असल्यामुळे टेरेसवर वेगळी टाकी आणि तिथून खाली येणारा वेगळा पाइप आधीपासूनच होता. सी विंगमध्ये तो नाही, आणि राहत्या घरांच्या भिंती फोडून तो टाकण्याचा खर्च ऐकल्यावर तो विषय तिथेच संपला. सांडपाण्याच्या बाजूनेही एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली. जुन्या पद्धतीच्या बांधकामात संडासाचा पाइप आणि न्हाणीघराचा पाइप वेगवेगळे असतात, तसे ते आमच्याकडे आहेत. स्वयंपाकघर आणि वॉशिंग मशीनचे पाणी ड्राय बाल्कनीमागच्या तिसऱ्या पाइपने जाते, त्यामुळे तेल आणि डिटर्जंटचा मोठा भार आपोआप बाजूला पडतो. राहते फक्त आंघोळीचे पाणी. आपल्याकडच्या प्रमाणकांनुसार 135 लिटरपैकी सुमारे 55 लिटर आंघोळीला जातात. दोन विंगमध्ये प्रत्यक्षात राहणारी माणसे 290 च्या आसपास आहेत, म्हणजे आंघोळीचे सांडपाणी साधारण 16,000 लिटर आणि फ्लशची गरज 13,000 लिटर. फ्लशच्या पाइपांवर मीटर बसवून पाहिले तेव्हा गरज 11,000 लिटरच्या आसपासच निघाली. संडासाच्या पाण्याला हातही न लावता काम भागणार होते, आणि ज्येष्ठ सभासदांचा निम्मा विरोध एवढ्यानेच मावळला.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो संडासात धुण्यासाठी असणाऱ्या जेट स्प्रेने. अनेक घरांत बाथरूमचे नूतनीकरण करताना प्लंबरने फ्लशच्याच नळातून जोड काढून जेट बसवला आहे. बोअरचे पाणी होते तोवर ते खपून गेले. पुनर्वापराचे पाणी अंगाला लागणे मात्र चालणार नाही, मग ते दिसायला कितीही नितळ असो. प्रत्येक घरात जाऊन ही जोडणी तपासणे आणि ती पिण्याच्या पाण्याच्या लाइनवर घेणे हे कोणत्याही कोटेशनमध्ये नव्हते. माझ्या मते अशा प्रकल्पात खरी जोखीम इथेच असते, आणि यंत्रसामग्रीच्या माहितीपत्रकात ती कधीच दिसत नाही.

तंत्राची निवड त्या मानाने लवकर झाली. ब्लोअरवर, म्हणजे पाण्यात हवा सोडणाऱ्या यंत्रावर चालणाऱ्या एमबीबीआर पद्धतीत घाण खाणारे जिवाणू टाकीतल्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर वाढवतात, आणि त्यांना सतत हवा लागते. वीज बराच वेळ गेली किंवा दिवाळीच्या सुटीत अर्धी घरे रिकामी झाली, की घडी विस्कटते. शिवाय ती चालवायला जाणता माणूस हवा, आणि त्याचा पगार प्रकल्प 15,000 लिटरचा असो वा दीड लाखाचा, तेवढाच राहतो. लहान प्रकल्पांचे अर्थकारण बिघडते ते याच ठिकाणी. आम्ही पाहिलेल्या एका मोठ्या सोसायटीतला प्रकल्प याच कारणाने बंद पडून होता. नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिडसारख्या पद्धतीत पाणी खडीच्या थरातून आणि कर्दळीसारख्या झाडांच्या मुळांमधून हळूहळू वाहते. तिला ब्लोअर लागत नाही, पण जागा लागते. कंपाउंडच्या भिंतीलगतचा बागेचा पट्टा त्यासाठी पुरेसा निघाला. पार्किंगची जागा मागावी लागली असती, तर हा प्रस्ताव सभेपर्यंत पोचलाही नसता. पुढे वाळूचा फिल्टर आणि क्लोरिन आलेच. शिवाय आंघोळीचे पाणी न शुद्ध करता दिवसभर साठवले तरी त्याला वास येतो, म्हणून संकलनाची टाकी मुद्दाम लहान ठेवली.

पैशाचे चित्र सभेपुढे आहे तसेच मांडले. आम्हाला 10,000 लिटरचा टँकर 1,200 रुपयांना पडतो. उन्हाळ्याच्या शंभरएक दिवसांत या पाण्यामुळे सव्वा लाखाच्या आसपास बचत होईल. पंप पाहणाऱ्या माणसाला जादा भत्ता, वीज, क्लोरिन, खडीची सफाई आणि पाण्याच्या तपासण्या मिळून वर्षाला 80,000 रुपये जातील. उभारणीचा खर्च साडेसहा लाख आहे, म्हणजे तो वसूल व्हायला दहा वर्षांहून बराच अधिक काळ लागेल. निव्वळ गुंतवणूक म्हणून मी याची शिफारस केली नसती. पण मे महिन्यात पैसे मोजूनही टँकर वेळेवर येत नाही, आणि त्या दिवसांत रोज एका टँकरची गरज कमी होण्याचे मोल या आकड्यांत येत नाही, हेही मी सभेत सांगितले.

वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर झाला, मात्र दोन अटींवर. लाभ नसल्यामुळे सी विंगकडून देखभालीचा वाटा घ्यायचा नाही, ही पहिली अट. दुसरी कंत्राटदाराशी झालेल्या करारात घातली आहे. एकूण रकमेचा पाचवा हिस्सा सोसायटीकडे राखून ठेवायचा, आणि पाणी टाकीत सोडायला लागल्यापासून सलग सहा महिने बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप) आणि कोलिफॉर्म (मैल्याचा अंश दाखवणारे जिवाणू) यांचे बाहेरच्या प्रयोगशाळेतले अहवाल समाधानकारक आले, तरच तो द्यायचा. नमुने सोसायटीचा प्रतिनिधी स्वतः भरून देईल, हे वाक्य करारात आमच्या आग्रहामुळे आले. सध्या जेटच्या जोडण्या बदलण्याचे काम चालू आहे, आणि शेवटचे घर तपासून होईपर्यंत नवी टाकी फ्लशच्या पाइपला जोडायची नाही असे ठरले आहे.