डॉक्टर हात घालून म्हणाले, ‘आज नको’

माझी गाय चंद्री व्याली तेव्हा वार (वासरामागून पडणारी झिल्ली) आतच अडकली होती. पुढे बरेच दिवस घाण जात राहिली. उपचार झाले, बरी दिसायला लागली, दोन महिन्यांनंतर कृत्रिम रेतन केलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. मग मीच हट्ट धरला की आता भ्रूणच ठेवू. सात दिवसांचा तयार गर्भ आत सोडायचा, फळण्याची भानगडच नाही!

सोबतीला दुसरी गाय तांबूही निवडली. इंजेक्शनं देऊन दोघींना एकाच वेळी माजावर आणलं. माजाचा दिवस शून्य धरायचा आणि सातव्या दिवशी भ्रूण ठेवायचा.

सातव्या दिवशी डॉक्टरांनी चंद्रीला हात घालून तपासलं. दोन्ही अंडाशयं चाचपली, पीतपिंड, म्हणजे अंडं सुटल्यावर त्या जागी तयार होणारी गाठ, कुठंच नाही.

“माज कुणी पाहिला?”

मी गप्प. बळस, म्हणजे माजाचा चिकट स्राव, दिसली होती, तेवढ्यावर मी तारीख लिहून टाकली होती. दुसरी गाय अंगावर चढताना ही उभी राहिली का, ही माजाची खरी खूण कुणीच पाहिली नव्हती.

“पिंड नाही म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन नाही. गर्भ टिकणार कशावर? आज नको.” मग तिच्या बरगड्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “व्याल्यापासून अंगावरचं सगळं दुधात घालतेय ही. आधी खायला घाला.”

राग आला होता, खोटं कशाला बोलू.

तांबूच्या उजव्या अंडाशयावर पिंड छान होता, म्हणून भ्रूण गर्भाशयाच्या उजव्याच शिंगात, म्हणजे उजव्या फाट्यात. शेपटीच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन दिलं, शेपूट लुळी पडली. एरवी ती कुंथत राहते आणि हात स्थिर राहत नाही. गोठवलेल्या भ्रूणाची कांडी द्रव नायट्रोजनमधून काढून काही क्षण हवेत, मग कोमट पाण्यात धरली. रेतनात वीर्य गर्भाशयाच्या तोंडापलीकडे सोडलं की झालं. इथं नळी शिंगात खोलवर न्यायची, तीही आत कुठं न खरचटता. डॉक्टरांच्या कपाळावर घाम होता.

तांबू गाभण राहिली नसती, तर भ्रूण ठेवल्यापासून चौदा दिवसांनी पुढचा माज यायचा. त्या आठवड्यात धार काढताना माझं लक्ष बादलीपेक्षा तांबूच्या शेपटीखालीच. माज आला नाही. तिसाव्या दिवशी सोनोग्राफीत काळ्या पोकळीत बारीकसा ठोका दिसला. वासरू तिच्या रक्ताचं नाही, हे तिला कुठं माहीत!

चंद्रीचा खुराक वाढवला, खनिज मिश्रण सुरू केलं. अंग भरलं तशी ती स्वच्छ माजावर आली आणि साध्या रेतनालाच गाभण राहिली. तिच्यासाठी आणलेली भ्रूणाची कांडी अजून नायट्रोजनमध्येच आहे.