लाभ, दोन, तीन

मेहुणीने परवा एक रील पाठवलं. पांढऱ्या सोफ्यावर बसलेली एक बाई त्यात सांगत होती की धावपळ सोडा, समृद्धी आपणहून तुमचा पत्ता शोधत येईल. त्यासाठी दर महिन्याच्या एक तारखेला तळहातावर दालचिनीची पूड घ्यायची आणि उंबऱ्यात उभं राहून घरात फुंकायची. मेहुणीने फुंकलीसुद्धा. आमचे साडू दाराजवळच पेपर वाचत बसले होते, त्यांना ओळीने अकरा शिंका आल्या. मेहुणी म्हणते, अकरा शुभ.

मी पोटभर हसलो. मग लक्षात आलं की दालचिनी सोडली तर गेली दोन वर्षं मीही तेच करतोय. धावणं कमी केलंय. समृद्धी आली का, असं कुणी विचारलं तर मला पटकन हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही, म्हणून हे जरा लांबण लावून लिहितोय.

मी ठाण्यात पाचपाखाडीला जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करतो. सीए नाही. लोक तरी 'सीएसाहेब' म्हणतात. आधी दुरुस्त करायचो, मग कंटाळलो आणि बिलावर 'कर सल्लागार' एवढं ठळक छापून घेतलं. माझ्या पार्ट्या म्हणजे वागळे इस्टेटमधली लेथची वर्कशॉप, नौपाड्यातली दोन-तीन स्टेशनरीची दुकानं, एक मंडप डेकोरेटर, एक पापडवाल्या मावशी. मोठं कुणी नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पार्ट्या रडत होत्या आणि मी समोर बसून मान हलवत मनातल्या मनात गुणाकार करत होतो. दर महिन्याला विक्रीचं रिटर्न वेगळं, कर भरायचं वेगळं, तेही २० तारखेला. प्रत्येकाचं, दर महिन्याला. माझी फी महिना ७०० रुपये. चौसष्ट पार्ट्या झाल्या तेव्हा मी स्वतःला यशस्वी समजायला लागलो होतो.

वीस तारखेची रात्र ज्याने काढली नाही त्याला ती सांगून कळणार नाही. सगळ्या देशाला रिटर्न भरायची आठवण त्याच दिवशी येते. पोर्टलवर ते निळं चक्र फिरत राहतं. आणि सगळं जुळलं तरी शेवटी ओटीपी लागतो, तो जातो मालकाच्या मोबाइलवर. म्हणजे रात्री अकराला मी माणसांना झोपेतून उठवून सहा आकडे मागायचो. एकजण गणपतीला कोकणात गेलेला, घरात रेंज नाही, तो बॅटरी घेऊन वर डांबरी रस्त्यापर्यंत चढून गेला. एकाचा फोन बायकोकडे असायचा, ती आधी 'एवढ्या रात्री कोण?' याचा पंचनामा करायची, तोवर ओटीपीची मुदत संपायची. हे किस्से मी चारचौघांत रंगवून सांगायचो. माझ्या कामसूपणाचे दाखले होते ते.

देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली. तेव्हापासून ठाणेकर धावतोच आहे, असा एक विनोदही मी त्यात घालायचो.

२० नोव्हेंबर २०२३. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, सगळ्यांची बिलं उशिरा आली होती. रात्री सव्वाअकरा. चार रिटर्न उरली होती. वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्यांना फोन लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर उचलला. मागे बरीच माणसं हळू आवाजात बोलत होती. मी म्हटलं, "शेठ, ओटीपी आलाय बघा." ते म्हणाले, "थांबा हां, चष्मा नाहीये," मग कुणाला तरी वाचायला लावून सहा आकडे सांगितले. चक्र फिरलं, हिरवी खूण आली. "झालं का?" त्यांनी विचारलं. झालं म्हटलं. "बरं झालं. आई गेली साहेब संध्याकाळी. जवाहरबागेत आहे." आणि फोन ठेवला.

जवाहरबाग म्हणजे आमची ठाण्याची स्मशानभूमी.

उरलेली तीन रिटर्न मी त्यानंतरही भरली, हे लिहायला हवं. हात चालू होते. मग दिवा न लावता गॅलरीत बसलो आणि सवयीने हिशोब केला. त्यांचं रिटर्न एक दिवस उशिरा गेलं असतं तर लेट फी लागली असती ५० रुपये. वर त्या दिवसाचं थोडं व्याज. एवढ्यासाठी मी त्या माणसाला तिथे, त्या घडीला, चष्मा शोधायला लावला होता.

पण खरी गोष्ट याहून वाईट आहे, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्यांचं रिटर्न त्या महिन्यात भरायचीच गरज नव्हती. १ जानेवारी २०२१ पासून सरकारने एक सोय केलीय. आदल्या वर्षीची उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर रिटर्न तीन महिन्यांतून एकदा भरता येतं. मधल्या दोन महिन्यांत फक्त २५ तारखेपर्यंत चलानाने कर भरायचा. तेही डोकेफोड नको असेल तर मागच्या तिमाहीत रोखीने भरलेल्या कराच्या ३५ टक्के रक्कम पोर्टलच काढून देतं. लेथवाल्यांची उलाढाल एका कोटीच्याही आत. माझ्या चौसष्टांपैकी पाच सोडले तर सगळेच या सोयीत बसत होते.

मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी लपवलं नाही, फक्त सांगितलं नाही. कारण उघड आहे. महिन्याला भरलं तर वर्षाला बारा वेळा फी, तिमाहीला भरलं तर चार. वर स्वतःला पटवलेलं, की पार्टीला दर महिन्याची शिस्त असलेली बरी!

याचं मूळ कुठे असावं हे शोधायला लांब जावं लागत नाही. बाबांचं जांभळी नाक्याला धान्याचं छोटं दुकान होतं, पागडीचं. दुपारी एक ते चार ते शटर अर्धं ओढून तांदळाच्या पोत्यावर झोपायचे. समोरचा दुकानदार उघडा असायचा. मी म्हणायचो, "बाबा, गिऱ्हाईक जातंय समोर." ते डोळे न उघडता म्हणायचे, "जाऊ दे की. त्यालाही पोरं आहेत."

कुरमुरे ते जुन्या पितळी आधोलीने मोजून द्यायचे. पहिलं माप ओतताना 'एक' कधी म्हणायचे नाहीत, 'लाभ' म्हणायचे. लाभ, दोन, तीन. आणि मापावर चढलेली शीग हाताने सारखी करायची नाही, ती गिऱ्हाइकाची. दिवसाला शंभर रुपये सुटले तरी रात्री गल्ला मिटताना 'बरकत आहे' म्हणणार. मला त्या शब्दाचा तेव्हा भयंकर राग यायचा. कारण शाळेची फी भरायला आईची पाटली दोनदा गहाण पडलेली मी पाहिली होती. पुढे दुकान बंदच झालं. संथपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही ऐकावं. बाबा निवांत होते आणि समृद्धी काही त्यांच्याकडे चालत आली नाही. मी ठरवलं, आपण दुपारचं झोपायचं नाही. झोपलो नाहीच. आणि शीगही सोडली नाही.

तिमाहीच्या सोयीत जायचं तर जानेवारी ते मार्चसाठी ३१ जानेवारीपर्यंत पोर्टलवर पर्याय निवडावा लागतो. त्या जानेवारीत मी एकेकाला फोन करून सांगितलं. ज्यांच्या गिऱ्हाइकांना दर महिन्याला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, दिसायला हवं होतं त्यातले बरेच महिन्यावरच राहिले. त्यासाठी तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं १३ तारखेपर्यंत वेगळी चढवता येतात, पण त्यांना तो कुटाणा नको होता. अडतीस जण तिमाहीवर गेले. त्यांची फी मी तिमाहीला १२०० केली. म्हणजे महिन्याला ११,४०० रुपयांची खोट. बायकोने आकडा ऐकला, मुलीच्या क्लासची पावती फ्रिजवर चुंबकाने लावली आणि काही बोलली नाही. हे बोलण्यापेक्षा जड असतं.

दोन पार्ट्या सोडूनही गेल्या. 'एवढं सोपं होतं तर तीन वर्षं काय करत होतात?' असं त्यातल्या एकाने विचारलं. बरोबर विचारलं.

मग काय झालं? पहिले चार-पाच महिने काहीच नाही. संध्याकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारायला लागलो. माझ्या घरापासून आठ मिनिटांवर आहे आणि मी तिथे कित्येक वर्षं गेलो नव्हतो. तिथे कुणी उद्योगपती भेटला नाही. गुडघेदुखीवाले भेटले.

पावसाळ्यात मंडपवाल्याला नोटीस आली. क्रेडिट जास्त घेतलंय, फरक भरा नाहीतर ३० दिवसांत खुलासा करा. पूर्वी अशी नोटीस आली की मी ती नौपाड्यातल्या ओळखीच्या सीएकडे ढकलायचो. बसून वाचायला वेळ कुणाला होता? या वेळी बसलो. बिलांची पिशवी जमिनीवर ओतली आणि तीन दिवस एकेक बिल लावत गेलो. कापडाच्या व्यापाऱ्याने याची बिलं भलत्याच नंबरवर चढवली होती. खुलासा दिला, मागणी निघून गेली, मंडपवाल्याने न मागता ८,००० दिले आणि त्याच्या मेहुण्याला माझ्याकडे पाठवलं. त्यानंतर अशी कामं येत गेली. संख्येने थोडी, पण डोकं लागणारी. आज महिन्याची बेरीज जुन्या दिवसांपेक्षा दोन-तीन हजारांनी कमीच आहे. पावती मात्र फ्रिजवरून निघाली.

यात काही आकर्षण-बिकर्षण नाही. हात रिकामा होता म्हणून काम हातात घेता आलं, इतकंच. मेहुणीला हे पटत नाही. तिच्या मते विश्वाने माझी नोंद घेतली. घेतली असेल तर लेट फीसकट घेतली असणार.

लेथवाल्यांकडून मी पुढच्या दोन तिमाह्यांची फी घेतली नाही. त्यांनी कारण विचारलं तेव्हा 'असू द्या' म्हटलं. खरं कारण सांगायची हिंमत अजून झालेली नाही.

तिमाहीवर गेल्यानंतरच्या पहिल्या वीस तारखेचं सांगायचं राहिलं. २० फेब्रुवारी २०२४. घरी भेळ होती. बाबांची आधोली आता आमच्याकडे आहे, बायकोने त्याच मापाने डब्यातले कुरमुरे काढले. नऊ-सव्वानऊला फोन वाजला. लेथवाले.

"साहेब, अजून फोन नाही तुमचा. ओटीपी कधी पाठवताय?"

"आज काही नाही शेठ. सांगितलं होतं ना, आता एप्रिलमध्ये. पंचवीसच्या आत चलान तेवढं भरू, ते मी दिवसा करतो."

"म्हणजे आज जागायचं नाही?"

"नाही."

"मग जेवायला बसू?"

बसा, म्हटलं.