तेहतीसवर अडकलेला आकडा

"बावा, तुहं मशीन तेहतीस सांगून राह्यलं अन् इथं पक्षी चोची वासून पडले. लवकर ये!"

दुपारचे पावणेतीन, काकांचा फोन. मे महिन्यातलं वरूड, बाहेर ४५ अंश. मोटार रिवाइंडिंगचं दुकान पोराच्या भरवशावर टाकलं, डोक्याला दुपट्टा बांधला आणि निघालो.

काकांच्या साठ फुटी टिनाच्या पोल्ट्री शेडमध्ये तापमानाचं ते यंत्र आठवड्यापूर्वी मीच बसवलं होतं. तीन ठिकाणी सेन्सर, प्रत्येकाला एक अर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्राम टाकता येतो असा छोटा बोर्ड, आणि आकडा बिनतारी पाठवायला एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल. मधोमध डब्यात तिघांचे आकडे घेणारा बोर्ड, अर्डुइनो उनो, आणि त्याला तीन एचसी-०५, कारण मास्टर केलेलं, म्हणजे जोडणी सुरू करणारं, मॉड्यूल एका वेळी एकाच स्लेव्हशी, म्हणजे समोरच्या मॉड्यूलशी, जोडलं जातं. पारा ३६ च्या वर गेला की त्या भागाचा फॉगर, म्हणजे पाण्याचं धुकं उडवणारा फवारा, सुरू. वायर ओढून हे सोपं झालं असतं, पण त्या शेडात उंदीर वायर ठेवत नाहीत.

पोचलो तर मधला फॉगर चालू, दोन्ही टोकांचे बंद. स्क्रीनवर मधला आकडा हलत होता, टोकांचे दोन्ही ३३ वर गप्प. साधा थर्मामीटर टोकाला धरला: ४१. आधी फॉगर हातानं सुरू केले, मग लॅपटॉप उघडला. तोवर अकरा पक्षी गेले होते. काका काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

उनोला हार्डवेअर सिरीयल पोर्ट, म्हणजे माहिती आत-बाहेर जायचं दार, एकच, तोही यूएसबीसोबत वाटून घेतलेला. बाकीचे सॉफ्टवेअर सिरीयलनं, म्हणजे प्रोग्राम लिहून साध्या पिनांवर, करायचे. ते तीन करता येतात, पण एका क्षणी ऐकू येतं एकाचंच. ज्याच्याकडे कान नाही त्याचं बोलणं वाया. हे मला माहीत होतं, म्हणून दर सेकंदाला कान बदलत होतो, आणि नॅनो दर तीन सेकंदांनी आकडा पाठवत होते. बसवताना ज्याचा आकडा येईना त्याचं रीसेट दाबत सुटायचो, आला की खूश. त्या तिघांच्या वेळा मी रीसेट दाबूनच जुळवल्या आहेत, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही.

"काका, आज लाईन गेली होती का?"

"सकाळी नऊले गेली, अर्ध्या घंट्यानं आली."

उनो इन्व्हर्टरवर, म्हणून तो जागाच, जुने आकडे धरून. नॅनो लाईनवर. लाईन आली तसे तिन्ही एकदम उठले आणि तेव्हापासून एकाच सेकंदाला बोलत राहिले. त्या सेकंदाला उनोचा कान मधल्याकडे. ब्लूटूथची जोडणी मात्र पुन्हा झालेली, त्यामुळे दिवे पाहून कोणालाही सगळं ठीकच वाटणार.

चार हार्डवेअर पोर्टचा अर्डुइनो मेगा बोर्ड असता तर हा प्रश्नच नव्हता, पण तो अमरावतीहून आणायचा होता. तिथंच बाजेवर बसून प्रोग्राम बदलला. आता नॅनो स्वतःहून काही पाठवत नाही. उनो एकाकडे कान करतो, एक अक्षर पाठवतो, अर्धा सेकंद उत्तराची वाट पाहतो, मग पुढच्याकडे. पाच वेळा उत्तर नाही आलं तर आकडा पुसून दोन रेघा, बझर, आणि त्या भागाचा फॉगर चालू. ही शेवटची ओळ पहिल्याच दिवशी लिहायला हवी होती.

काकांनी टोकाच्या नॅनोची पिन खसकन् उपटली. बझर वाजला, फॉगर सुरू झाला, आणि मी नेमका त्याच्याखाली लॅपटॉप घेऊन बसलो होतो.

"आता खरं बोलते," काका म्हणाले आणि स्वतःचा दुपट्टा पुसायला दिला.