शाबानच्या उन्हात जानमाजी

रविवार, रात्र

शाबान महिना संपत आला असून चार-पाच दिवसांत रमजानचा चाँद दिसेल, म्हणून आज घरातल्या साऱ्या जानमाजी, म्हणजे नमाजेसाठी अंथरायची आसने, एकदम धुवायला काढल्या. नळाला पाणी यायला दुपारचे दोन वाजले आणि तोवर अम्मीची जोहरची, म्हणजे दुपारची नमाज झाली होती. ती उठून गेल्यावर मी तिच्या हिरव्या मखमली जानमाजीपाशी थोडा वेळ तशीच बसून राहिले. मखमलीची लव दबून तिच्यावर गुडघ्यांचे दोन गोल, तळव्यांचे ठसे आणि वरच्या बाजूला कपाळाची लहानशी खूण उमटली होती. सजद्यात, म्हणजे नमाजेत जमिनीवर माथा टेकताना, नाकासह कपाळ, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांची बोटे, असे सात अवयव जमिनीला टेकले पाहिजेत, हे मकतबात, म्हणजे लहान मुलांच्या धार्मिक शाळेत, आम्हाला बोटे मोजून शिकवले होते. मी धुळीसाठी ब्रश फिरवला आणि त्या साऱ्या खुणा मिटल्या.

ही जानमाज अब्बांनी हजहून येताना जमजमचे पाणी आणि खजुरांबरोबर आणली होती. तिच्यावर काबागृहाचे चित्र आहे आणि भोवती सोनेरी वेलबुट्टी आहे. गेल्या वर्षी ती धुलाईच्या एका दुकानात दिली, तेव्हा खालचे अस्तर सुटून आले आणि अम्मीला त्याचे फार वाईट वाटले. तेव्हापासून या सगळ्या घरीच धुतो. मला स्वतःला मात्र नमाजेत नजरेसमोर इतकी नक्षी नको वाटते. पैगंबरांनी एकदा नक्षीदार चादर अंगावर घेऊन नमाज पढली आणि तिच्या नक्षीने लक्ष विचलित झाले म्हणून ती परत पाठवून साधी मागवली, असे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींत, आले आहे. हे मी अम्मीला कधी सांगितलेले नाही, कारण त्या चित्राकडे पाहताना तिला अब्बांची यात्रा आठवते, हे मला ठाऊक आहे.

सर्वांत जास्त वेळ गेला तो नानीच्या जानमाजीला. ती जाड सुती सतरंजीच्या विणीची, लाल-निळ्या पट्ट्यांची आहे आणि एका टोकाला मशिदीतल्या मेहराबीसारखी कमान विणलेली आहे. कपाळ टेकते तिथला रंग अजून टिकून आहे, पण गुडघ्यांच्या जागी सूत पार झिजले होते. तिथे नानीने नानांच्या जुन्या लुंगीचे दोन चौकोनी तुकडे काळ्या दोऱ्याने शिवले आहेत. टाके वाकडेतिकडे असले, तरी एकही उसवलेला नाही. मी त्या तुकड्यांवर हाताने हळूहळू साबण चोळला. तिथे ब्रश लावण्याचे मला धाडस झाले नाही.

नाना जहाजावर नोकरीला होते आणि वर्षातून एकदा घरी येत. खाडीकाठच्या त्या घरात अकरा माणसे होती, पण नानीची म्हणावी अशी एकही खोली नव्हती. ती स्वयंपाकघरात निजायची आणि तिचे कपडे सुनेच्या कपाटातल्या एका खणात असायचे. साधारण ७० सेंटिमीटर रुंद आणि ११० सेंटिमीटर लांब एवढी ही सतरंजी अंथरली की मात्र तेवढी जागा तिची व्हायची. नमाज पढणाऱ्याच्या समोरून जायचे नसते, त्यामुळे मोठी माणसेसुद्धा मागून वळसा घालून जात आणि तिला कोणी हाक मारत नसे. सलाम फेरून नमाज संपवल्यावरही ती तसबीह, म्हणजे जपमाळ घेऊन बराच वेळ बसून राहायची. फर्ज, म्हणजे सक्तीच्या नमाजेला लागणारा वेळ आणि नानीला लागणारा वेळ यांत पुष्कळ अंतर होते. ते कशासाठी होते, हे मला स्वतःचा संसार सुरू झाल्यावर कळले. आम्ही नातवंडे रांगत जाऊन तिच्यापुढे बसलो, तरी ती रागावत नसे. पैगंबर आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज पढत आणि सजद्याच्या वेळी तिला खाली ठेवत, हे ती आम्हाला मोठ्या प्रेमाने सांगायची.

उठताना ती जानमाजीचा एक कोपरा दुमडून ठेवायची. उघडी राहिली तर सैतान तिच्यावर नमाज पढतो, असे आमच्याकडच्या बायका म्हणत. याला धर्मात आधार नाही, हे पुढे मौलवीसाहेबांनी समजावून सांगितले, तरी माझा हात आजही आपोआप कोपऱ्याकडे जातो.

धर्माने खरे तर जानमाज सक्तीची केलेलीच नाही. जागा पाक, म्हणजे स्वच्छ असावी आणि तोंड किबल्याकडे, म्हणजे मक्केतल्या काबागृहाच्या दिशेला असावे, एवढे पुरे. आम्हा रत्नागिरीकरांसाठी किबला म्हणजे पश्चिम, किंचित उत्तरेला कललेली, म्हणजे समुद्राकडची बाजू. पैगंबर स्वतः खजुराच्या पानांच्या लहान चटईवर नमाज पढत. त्यांचे सहकारी हजरत अनस यांच्या घरी ते जेवायला गेले असता, वापरून वापरून काळी पडलेली चटई अनस यांनी पाणी शिंपडून पुढे केली आणि त्या चटईवर उभे राहून पैगंबरांनी घरच्यांसह नमाज पढली. घरातली वृद्ध स्त्री मागच्या रांगेत उभी होती. आज सतरंजीतून निघणारे काळे पाणी पाहताना मला ती चटई सारखी आठवत होती. हा एवढासा तुकडा पुढे मोठ्या मानाचाही झाला. दर्ग्याच्या वारसाला आपण सज्जादानशीन म्हणतो, त्यातला सज्जादा म्हणजे जानमाजच.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे मशिदी बंद झाल्या आणि १६ नोव्हेंबरला उघडल्या, तेव्हा प्रत्येक जण घरून स्वतःची जानमाज काखेत घेऊन जात होता. त्या दिवशी घरातल्या पुरुषांनी नेमकी नानीची सतरंजी नेली होती, आणि ती परत येईपर्यंत अम्मी दारातच उभी होती.

आज उन्हे उतरली तरी सतरंजी आणि मखमल दोन्ही ओलीच होती. मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजेची अजान झाल्यावर अम्मीने कपाटातून धुतलेली पांढरी चादर काढून जमिनीवर पसरली. एरवी आम्ही दोघी आपापल्या जानमाजीवर, आपापल्या वेळेला नमाज पढतो. चादर चांगली ऐसपैस होती. अम्मीने मला जवळ बोलावले, मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले आणि तिने हलक्या आवाजात कुराणाचा पहिला अध्याय, फातिहा, म्हणायला सुरुवात केली.