चादरीचे दोन गुण

तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहिते आहे. वाचनालयाच्या बालविभागात मी देवघेवीच्या टेबलाशी बसते, आणि आठवड्यातून एकदा तरी कुणाची आई नाहीतर आजोबा विचारतात, "ताई, या विज्ञानाच्या पुस्तकाला पुरस्कार मिळालाय. आमच्या मुलासाठी घेऊ ना?" मागे रांग असते, म्हणून मी "घ्या की" म्हणते. पण माझं पूर्ण उत्तर थोडं लांब आहे.

पुरस्कार कोणी दिला, ते आधी विचारा. संस्थेचं नाव मुखपृष्ठावर असतंच. मला विचारायचं असतं ते हे, की पुस्तक हातात घेऊन ते शेवटपर्यंत वाचलं कोणी?

आमच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. त्या चिठ्ठ्या मी फार मन लावून बघते. मुलांसाठी लिहिलेल्या आणि पुरस्कार मिळालेल्या काही पुस्तकांवर चार वर्षांत दोन शिक्के पडलेत. आणि कोळ्यांवरचं एक साधं, पातळ पुस्तक आहे, ज्याला कधी काही मिळालं नाही, त्याची चिठ्ठी मी तीनदा बदलली. हे बघून वाईट वाटायचं. पुरस्कार देणाऱ्यांनी मेहनतीनं निवड केलेली असते, लेखकानं त्याहून जास्त मेहनत केलेली असते, मग मधे सुटतं काय?

त्याचं उत्तर मला लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या पद्धतीत सापडलं. विज्ञानाच्या पुस्तकांसाठी तिचे दोन पुरस्कार आहेत. मोठ्यांच्या पुस्तकांचा पुरस्कार १९८८ पासूनचा. प्रायोजक बदलले तसं त्याचं नावही बदलत गेलं. अलीकडच्या वर्षांत विजेत्याला २५ हजार पौंड आणि अंतिम यादीतल्या बाकीच्या पाच पुस्तकांना प्रत्येकी अडीच हजार पौंड मिळत आलेत. ही सहाची यादी मला विजेत्याच्या नावापेक्षा जास्त उपयोगाची वाटते, कारण खरेदीसाठी पुस्तकं सुचवताना मला एक नाव पुरत नाही. परीक्षकांत शास्त्रज्ञ असतात, तसे लेखक आणि पत्रकारही असतात. १९९० मध्ये रॉजर पेनरोज यांच्यासारख्या गणितज्ञाला हा पुरस्कार मिळाला आणि २००४ मध्ये बिल ब्रायसन यांना, जे मुळात प्रवासवर्णनं लिहिणारे. विज्ञानावर लिहायला शास्त्रज्ञच हवा असं तिथे कुणी धरून बसलेलं नाही, हे मला फार आवडतं. एक गोष्ट मात्र खटकते. एकट्या स्त्रीच्या पुस्तकाला हा पुरस्कार मिळायला २०१५ उजाडावं लागलं, तेव्हा तो गाया विन्स यांना मिळाला. त्यानंतरची सलग पाच वर्षंही तो स्त्रियांनीच मिळवला. चांगलं लिहिणाऱ्या बायका काही २०१५ साली एकदम जन्माला आल्या नव्हत्या.

पण मी सांगत होते ते दुसऱ्या पुरस्काराबद्दल. तो १४ वर्षांपर्यंतच्या वाचकांसाठीच्या पुस्तकांचा. मोठ्यांची समिती फक्त सहा पुस्तकं निवडते आणि बाजूला होते. मग ती सहा पुस्तकं ब्रिटनभरच्या शाळांत आणि मुलांच्या गटांत जातात, मुलं ती वाचतात, आपसांत चर्चा करतात, मत देतात. विजेता मुलं ठरवतात.

आपल्याकडे राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचा वेगळा विभाग आहे. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आहे. दोन्हीकडे परीक्षक मोठी माणसं. त्यांच्या जाणतेपणाबद्दल मला आदर आहे, पण दहा वर्षांच्या वाचकाला पुस्तक कुठे सोडून द्यावंसं वाटतं, हे चाळिशीतल्या माणसाला वाचून कळत नाही. मलाही कळत नाही. मी चिठ्ठी बघते तेव्हा कळतं.

निवड किती स्वच्छ असू शकते याचं आपल्याच मातीतलं उदाहरण मुलांना मी नेहमी सांगते. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती, १९७४ सालची. ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, स्वतःची आद्याक्षरं उलट्या क्रमानं लावून घेतलेले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांनी पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. तेव्हा त्यांचं नाव देशभर झालेलं होतं. नुसत्या नावावरही बक्षीस मिळालं असतं, आणि म्हणूनच त्यांना ते तसं नको होतं. हे सांगताना अजूनही माझा गळा दाटतो. कोऱ्या नावानं रांगेत उभं राहायला फार मोठं मन लागतं.

तर गेल्या मे महिन्यात आम्ही हे छोट्या प्रमाणावर करून पाहिलं. मराठीतली सहा विज्ञानपुस्तकं निवडली, खाकी कागदाची कव्हरं घातली, लेखकाचं नाव आणि पुरस्काराची ओळ झाकली. नऊ ते तेरा वयाची चौदा मुलं. प्रत्येकानं प्रत्येक पुस्तकाला दहापैकी गुण द्यायचे आणि गुण का कापले ते एका ओळीत लिहायचं. गुण का दिले ते लिहा, असं मुद्दाम सांगितलं नाही. कौतुकाची वाक्यं मुलं शाळेतून शिकूनच येतात.

त्या ओळी मी जपून ठेवल्यात. "पान ४१ वर म्हणतात चंद्राचं पुढे सांगू, पण सांगितलंच नाही." "प्रयोगाला चंचुपात्र लागतं. आमच्या घरी नाही. वाटी चालेल का ते लिहिलेलं नाही." एका मुलानं आईबरोबर टाचणी पाण्यावर तरंगवायचा प्रयोग पाच वेळा केला, सहाव्यांदा जमला, आणि त्यानं पूर्ण दहा गुण दिले, कारण पुस्तकात "पहिल्यांदा बहुतेक बुडेल" असं आधीच सांगितलं होतं. मी ते वाक्य वाचून पुढे गेले होते. मी टाचणी हातात घेतलीच नव्हती. अमेरिकेत एएएएस ही शास्त्रज्ञांची संस्था विज्ञानपुस्तकांना पुरस्कार देते, त्यात करून बघायच्या पुस्तकांचा वेगळा गट आहे. तो वेगळा का हवा, ते मला त्या मुलाच्या ओळीमुळे समजलं.

खाकी कव्हरं काढली तेव्हा कोळ्यांचं पुस्तक पहिलं आलं होतं. पुरस्काराची ओळ असलेलं एक पुस्तक दुसरं, एक शेवटचं. त्यामुळे घेऊ का विचारलंत तर घ्या, पण आधी मुलाच्या हातात द्या आणि दहा मिनिटं काही बोलू नका.

दुसऱ्या आलेल्या पुस्तकात बुटांच्या खोक्याचा सूचिछिद्र कॅमेरा आहे. एका बाजूला टाचणीचं भोक, समोर बटर पेपर, त्यावर बाहेरचं दृश्य उलटं उमटतं. अकरा वर्षांच्या एका मुलीनं तो केला आणि तिला दोन दिवस काहीच दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी ती चादर डोक्यावरून घेऊन गॅलरीत बसली, आणि समोरची इमारत, वाळत घातलेले कपडे, सगळं उलटं लटकलेलं दिसलं. तिनं लिहिलं, "चादर घ्यायला पुस्तकानं सांगितलं नव्हतं. ते मी शोधलं. म्हणून दोन गुण कमी."

पुस्तक परत आलं तेव्हा त्या पानावर कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, ‘डोक्यावर चादर घ्या’. परत आलेल्या पुस्तकातलं पेन्सिलीचं लिखाण खोडून मगच ते कपाटात लावायचं, असा आमचा नियम आहे. हे मी तसंच ठेवलंय.